प्रकल्प नोंदी: स्मरणिकेतलं लोकसंख्येचं पान

8 जून 2025

मंडळाची मीटिंग झाली. मुंबईतलं आमचं ग्रामस्थ मंडळ स्मरणिका काढतंय, जाहिराती कोण आणणार यावर नेहमीसारखा तास गेला आणि मग पानं वाटली. माझ्याकडे "गावाची लोकसंख्या, पहिल्यापासून आजपर्यंत" हे पान आलं, कारण काय तर मी ऑफिसात दिवसभर एक्सेल उघडून बसतो. सेक्रेटरी काका म्हणाले दोन तासांचं काम आहे, सरकारच्या वेबसाइटवर सगळं असतं. असतं, पण कसं असतं ते काकांनी बघितलेलं नाही.

गाव संगमेश्वर तालुक्यातलं, जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव आणि आकडे स्मरणिकेत येतीलच, इथे फक्त कामाच्या नोंदी ठेवतोय म्हणजे पुढच्या वेळी ज्याच्या गळ्यात हे पडेल त्याला परत पहिल्यापासून खणायला नको.

14 जून

2011 ची जिल्हा जनगणना पुस्तिका डाउनलोड केली. दोन भाग असतात, एकात गावात शाळा आहे का, दवाखाना आहे का, रस्ता, पाणी, एसटी असली माहिती, दुसऱ्यात गावनिहाय कुटुंबं, एकूण लोक, पुरुष, स्त्रिया, 0 ते 6 वयाची मुलं, साक्षर, काम करणारे वगैरे. दुसरा भाग आपल्या कामाचा.

गाव शोधायलाच वेळ गेला. नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये, खुर्द-बुद्रुकचं नुसतं के.एच. आणि बी.के. करून टाकलेलं, शिवाय आपल्याकडे नावात "तर्फ" (जुना महसुली विभाग) असलेली गावं ढीगभर, त्यामुळे एकाच नावाची दोन-तीन गावं एका तालुक्यात निघतात. कोडवरून जुळवू म्हटलं तर 2001 ला गावाचा कोड आठ आकडी आणि 2011 ला सहा आकडी, म्हणजे दोन वर्षांच्या शीटा थेट जोडता येत नाहीत. शेवटी चुलतभावाने तालुक्याची अख्खी यादी शेजारी-शेजारी ठेवून हाताने जुळवली. पोरगं धीराचं आहे.

आणि मुख्य गोची, जनगणना मोजते ते महसुली गाव, म्हणजे सरकारी दप्तरातलं अख्खं गाव. वाडी नाही. आमच्याकडे प्रत्येकाला पहिला प्रश्न वाडीचा, बौद्धवाडी किती, गुरववाडी किती, वरची वाडी किती, तर ते पुस्तिकेत कुठेच नाही. मोजताना वाड्या वेगळ्या केलेल्या असतात पण छापताना गावाची एकच ओळ. हे मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्यावर तीन जणांनी "असं कसं" विचारलं आणि एकाने "तहसीलला ओळख आहे, काढून देतो" म्हटलं. काढ बाबा.

17 जून

काल गॅझेट निघालं. पुढची जनगणना 2027 ला, संदर्भ तारीख 1 मार्च 2027, रात्रीचे बारा. लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी 1 ऑक्टोबर 2026, कारण फेब्रुवारीत तिकडे वर पोचणार कोण. 2021 ची कोविडमुळे राहिली ती राहिलीच, 1881 पासून दर दहा वर्षांनी न चुकता चाललेली गोष्ट, महायुद्धातही 1941 ला झाली होती, ती पहिल्यांदा चुकली. यावेळी जातही विचारणार, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांचीही. सगळ्या जातींचे आकडे छापले गेले ते शेवटचे 1931 ला. ग्रुपवर लगेच जातीवरून सुरू झाले लोक, ॲडमिनने दोन तास ग्रुप बंद ठेवला.

आमच्या पानासाठी अर्थ एवढाच, 2011 नंतरचा रकाना रिकामा जाणार. सेक्रेटरी काका म्हणतात 2021 चा अंदाजे टाक. नाही टाकणार.

29 जून

जुन्या पुस्तिका स्कॅन करून ठेवल्यात जनगणनेच्या साइटवर, हे काम मात्र मनापासून चांगलं केलंय कुणीतरी. गावनिहाय आकडे मला 1951 पासून मिळाले, त्याच्या मागे तालुक्यावर थांबावं लागतंय. शीर्षकातलं "पहिल्यापासून" आता काकांना बदलायला लावायचंय.

जिल्ह्याचा तक्ता शेजारी द्यायचा ठरलाय, त्यात एक खड्डा आहे. 1981 ची मोजणी 1 मार्चची आणि सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला. म्हणजे मोजणीच्या वेळी सावंतवाडी, कुडाळ, मालवण सगळं रत्नागिरीतच. जुना रत्नागिरीचा आकडा आणि 1991 चा रत्नागिरीचा आकडा सरळ एका रेघेत ठेवला तर जिल्ह्याचा मोठा हिस्सा दहा वर्षांत गायब झाल्यासारखं दिसतं. म्हणून जुने आकडे आत्ताच्या तालुक्यांची बेरीज करून घ्यायचे. संगमेश्वर तालुक्याला याचा त्रास नाही.

6 जुलै

आता मुद्द्याचं. रत्नागिरी जिल्हा 2001 ला 16,96,777 आणि 2011 ला 16,15,069. कमी झाला! 4.8 टक्के. सिंधुदुर्ग 8,68,825 वरून 8,49,651. महाराष्ट्रात त्या दहा वर्षांत आणखी एकच जिल्हा घटला तो मुंबई शहर, आणि त्याच वेळी ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला, देशातला सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा झाला (तेव्हा पालघर वेगळा नव्हता, तो 2014 ला झाला). म्हणजे गिरगाव-लालबागची माणसं डोंबिवली-विरारला गेली आणि कोकणातली माणसंही थेट तिकडेच गेली, मधे गिरगावात उतरलीच नाहीत. आमच्याच घरात असं झालंय.

रत्नागिरीत 2011 ला हजार पुरुषांमागे 1122 बायका. राज्याचं प्रमाण 929. बाहेरचे लोक हा आकडा बघून कोकणात मुलींचं किती कौतुक वगैरे लिहितात. अहो पुरुष मुंबईत आहेत म्हणून. 7.61 लाख पुरुष आणि 8.54 लाख बायका, हा फरक कामाला गेलेल्यांचा आहे.

ग्रुपवर टाकलं तर खळबळ. "गाव ओस पडलं असं छापणार का?" "गणपतीला येऊन बघ म्हणावं त्यांना, पाय ठेवायला जागा नसते." दोन्ही बरोबर आहे खरं तर. मग ते नेमकं कुणाला मोजतात हे एकदा नीट समजून घ्यायचं ठरवलं.

20 जुलै

गुरुजींकडे गेलो. प्राथमिक शाळेतून रिटायर झालेत, 1991, 2001 आणि 2011 तिन्ही वेळा प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन मोजणारे, होते. चहा आला, पोहे आले, आणि मग गुरुजी सुटले. जे सांगितलं ते घाईत टाइप करतोय, क्रम नाही.

काम दोन टप्प्यांत. आधी घरयादी, 2010 च्या उन्हाळ्यात, म्हणजे गुरुजींची मे महिन्याची सुट्टी गेली. त्याला 35 प्रश्न, भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठून, संडास आहे का, चुलीला काय जाळता, टीव्ही, मोबाइल, सायकल, बँकेत खातं. मग 9 ते 28 फेब्रुवारी 2011 माणसांची मोजणी, 29 प्रश्न. 28 च्या रात्री बेघर लोकांची मोजणी, देवळाची ओवरी, एसटी स्टँड, पुलाखाली. मग 1 ते 5 मार्च परत फेरी, मधल्या काळात कुणी जन्मलं का, कुणी गेलं का. 28 ला रात्री साडेअकराला जन्मलेलं बाळ मोजायचं, साडेबाराला जन्मलेलं नाही. गेलेल्या माणसाचंही तसंच, बाराच्या आधी गेला तर नाव कट.

एका प्रगणकाला साधारण सहाशे-आठशे माणसांचा गट, सहा प्रगणकांवर एक पर्यवेक्षक, वर चार्ज अधिकारी म्हणजे खेड्यात तहसीलदार. गुरुजींच्या गटात दोन वाड्या आणि मधे डोंगर. आधी नजरी नकाशा काढायचा हाताने. गुरुजींनी वहीत परत काढून दाखवला, पक्कं घर चौकोन, कच्चं घर त्रिकोण, राहतं नसेल, म्हणजे दुकान, शाळा, गोठा, तर आतून रेघा मारायच्या, आणि एक नंबरपासून शेवटपर्यंत तुटक रेघ ओढत जायची म्हणजे कुठलं घर सुटलं नाही ते दिसतं. मातीच्या घराचा त्रिकोण काढताना त्यांनी शेजारी आंब्याचं झाडही काढलं. झाड नकाशात लागत नाही म्हणाले, पण तिथून वळायचं असतं. दारावर नंबर टाकायचा, तो बायका सारवताना पुसायच्या, मग मार्चमध्ये घर शोधायची पंचाईत.

घर आणि कुटुंब वेगळं. वेगळं दार असलेला भाग म्हणजे जनगणना घर, आणि एका स्वयंपाकघरात जेवतात ते कुटुंब. आमच्याकडे एका घरात तीन भावांच्या तीन चुली, म्हणजे इमारत एक आणि कुटुंबं तीन. गुरुजी म्हणाले सगळ्यात अवघड प्रश्न तोच, कारण "चूल एक का वेगळी" असं विचारलं की कधीकधी घरात भांडण सुरू व्हायचं, सासू म्हणणार एक, सून म्हणणार वेगळी. एके ठिकाणी ते अर्धा तास ओटीवर बसून राहिले, आतून निकाल येईपर्यंत. आला तेव्हा दोन चुली लिहिल्या.

वय हा दुसरा वैताग. म्हाताऱ्या माणसांना माहीत नसतं, मग कोयनेचा भूकंप झाला (1967) तेव्हा लग्न झालं होतं का, पहिलं मूल होतं का, असं करत करत यायचं. तरी आकडा शेवटी साठ नाहीतर पासष्ट. जिल्ह्याचा एकेका वयाचा तक्ता काढून बघितला, 50, 55, 60, 65 वर खांब उभे आणि 59, 61 वर काहीच नाही, सगळ्या देशात असंच आहे.

आणि एक कायद्यातली गोष्ट, ही मला आधी खोटी वाटली. 1948 च्या जनगणना कायद्यात उत्तर देणं सक्तीचं आहे, पण घरातल्या बाईचं नाव सांगायची पुरुषावर सक्ती नाही, आणि बाईवर नवऱ्याचं किंवा रीतीप्रमाणे जे नाव घेत नाहीत अशा कुणाचंही नाव सांगायची सक्ती नाही. कलम 8 मध्ये आहे, बघितलं मी. गुरुजी म्हणाले 1991 ला अशा आज्या होत्या, नाव विचारलं की शेजारणीकडे बघायच्या, शेजारीण सांगायची. एकीने उखाणा घेऊन सांगितलं. तो उखाणा गुरुजींना पाठ आहे पण ओळखू येतील म्हणून इथे टाकत नाही.

फॉर्म 2001 पासून स्कॅनरने वाचायचे, म्हणून एकेका चौकोनात एकेक अक्षर, घडी घालायची नाही, भिजू द्यायचा नाही. खाडाखोड झाली की पर्यवेक्षक डोकं खायचा. मानधन उशिरा आलं, किती उशिरा ते गुरुजी अजून सांगतात.

22 जुलै

आणि हे राहिलं, यासाठीच तर गेलो होतो. चाकरमान्यांना कुठे मोजतात?

नियम असा. जो माणूस एरवी गावात राहतो आणि 9 ते 28 फेब्रुवारीत सगळे दिवस किंवा काही दिवस तरी तिथे होता, तो गावात. जो एरवी गावातच राहतो, आत्ता बाहेर गेलाय पण 28 पर्यंत येणार आहे, तोही गावात. पाहुणा असेल तर तो स्वतःच्या घरापासून त्या सगळ्या दिवसांत बाहेरच असेल तरच जिथे सापडला तिथे मोजायचा, नाहीतर त्याच्या घरी. म्हणजे डोंबिवलीत राहणारा मी डोंबिवलीतच, रेशनकार्ड गावचं असो, मतदार यादीत नाव गावात असो, घरावर पाटी माझी असो, काही संबंध नाही.

त्यात महिना फेब्रुवारी. गणपती भाद्रपदात, शिमगा 2011 ला 20 मार्चच्या आसपास, मे महिना तर लांबच. कोकणातल्या गावात वर्षातली सगळ्यात कमी माणसं जेव्हा असतात तेव्हाच मोजतात. आमच्यावर राग म्हणून नाही. हवा बरी असते, पाऊस नाही, शेतीची घाई नाही आणि सणासुदीची हलवाहलव नाही, म्हणूनच तो महिना घेतात.

हे जुनंच आहे. 1931 पर्यंत एकाच रात्री मोजायचे, संध्याकाळी सातपासून बारापर्यंत प्रगणक हिंडायचे. आधी यादी करून ठेवलेली असायची आणि त्या रात्री फक्त कोण आहे कोण नाही तपासायचं, गेलेला कट, आलेला पाहुणा आत. दिवे नाहीत म्हणून चांदण्यातली रात्र निवडायची आणि जवळपास मोठी जत्रा, लग्नतिथी, सण नाही ना ते बघायचं. 1911 ला 10 मार्च, 1921 ला 18 मार्च, 1931 ला 26 फेब्रुवारी. 1941 पासून ही एका रात्रीची पद्धत सोडली. त्यामुळे 1931 आणि 1951 चे आकडे एका तक्त्यात ठेवताना मी खाली टीप टाकणार आहे. चुलतभाऊ म्हणतो टीप कोण वाचतं. मी वाचतो.

10 ऑगस्ट

ज्याची तहसीलला ओळख होती त्याला तिथे कळलं की वाडीचं काही मिळत नाही, फॉर्म तर नाहीच नाही. कायद्याचं कलम 15, भरलेला फॉर्म कुणाला दाखवायचा नाही आणि कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. मंडळातल्या एकाला आजोबांची 1951 ची नोंद हवी होती, वंशावळीसाठी. नाही मिळणार. इंग्लंडात शंभर वर्षांनी उघडतात, अमेरिकेत 72 वर्षांनी, आपल्याकडे तशी सोय नाही. मला हे बरं वाटतं, कारण उद्या हे कागद जमिनीच्या दाव्यात चालले असते तर चुली एक का दोन याचं उत्तर वकिलाला विचारूनच मिळालं असतं.

31 ऑगस्ट

गणपतीत गावात होतो. एका घराचं लिहून ठेवतो, पानात चौकट करून वापरता येईल, नावाशिवाय. घरात त्या दिवशी ओटीवर, माजघरात, माळ्यावर माणसंच माणसं. आजी एकटी बाराही महिने तिथे असते. मोठा मुलगा दिव्याला, धाकटा नालासोपाऱ्याला, एक नात पुण्यात नोकरीला, नातू पनवेलला हॉस्टेलला. फेब्रुवारीच्या नियमाने या घरात एक कुटुंब, माणूस एक, बाई. हॉस्टेलचा नातू पनवेलला हॉस्टेलच्या मेसच्या कुटुंबात, त्याला संस्थात्मक कुटुंब म्हणतात. बाकीचे तीन घरांत, तीन जिल्ह्यांत.

आजीला विचारलं तुमच्या घरात माणसं किती. तिने सगळ्यांना मोजलं, सुनेच्या पोटातल्यालाही.

सेक्रेटरी काकांना हाच आकडा हवाय, आजीवाला. पण तो मोजायला गेलं तर आजीचा धाकटा नालासोपाऱ्यातही मोजला जाणार आणि इथेही, आणि असं प्रत्येकाने केलं तर देशात माणसं किती हे कधीच कळणार नाही. एका माणसाला एकदाच आणि एकाच ठिकाणी मोजायचं, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप आहे.

तरी सुटतात लोक. 2011 नंतर वेगळ्या माणसांनी काही निवडक गटांत परत जाऊन मोजलं आणि आधीच्या फॉर्मशी नावं जुळवून बघितली, तर दुबार मोजलेली वजा करून हजारी 23 माणसं सुटलेली निघाली. 2001 लाही 23 च होती. हा आकडा ते स्वतःच छापतात आणि मूळ लोकसंख्येत मिळवत मात्र नाहीत.

5 ऑक्टोबर

तक्ता तयार. रकान्यांची नावं बदलली. "लोकसंख्या" ऐवजी "मोजणीच्या वेळी गावात राहणारी माणसं" असं लिहिलंय, लांब झालं पण तेच आहे. साक्षरतेचा रकाना घेतलाय, सात वर्षांवरच्यांनाच धरतात आणि नुसती सही आली म्हणजे साक्षर नाही, समजून वाचता आणि लिहिता दोन्ही आलं पाहिजे.

काम करणाऱ्यांचा रकाना घेऊ की नको ठरत नव्हतं. सहा महिने किंवा जास्त काम असेल तर मुख्य, कमी असेल तर सीमांतिक, आपल्याकडे भाताची एकच लावणी-कापणी, त्यामुळे सीमांतिक बायका खूप दिसतात. गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे बाईला "काम करता का" विचारलं की ती "नाय, घरीच असते" म्हणणार, डोक्यावर गवताचा भारा असताना. मग खोदून विचारायचं, लावणीला जाता का, म्हैस कोण बघतं. घरच्या दुधापुरती म्हैस असली तरी ते कामात धरतात. ज्या प्रगणकाने खोदून विचारलं नाही त्याच्या गटात बायका रिकाम्या. म्हणून हा रकाना घेतलाय पण वाढ-घट दाखवणारा ग्राफ त्याचा नाही केला.

9 नोव्हेंबर

मीटिंग. पान वाचून दाखवलं. उतरता ग्राफ छापायचा का यावर वाद झाला, शेवटी छापायचा ठरलं, आजीची चौकट शेजारी.

मग एकाची सूचना आली, त्याला वाटलं जबरदस्त आहे. 2027 च्या फेब्रुवारीत चार बसेस करून सगळ्यांनी गावी जायचं, दोन दिवस राहायचं, आकडा वाढवायचा. कारण साधं आहे, ग्रामपंचायतीचे सदस्य लोकसंख्येवर ठरतात, सातपासून सतरापर्यंत, आणि निधीतही माणसं बघतात. टाळ्या पण पडल्या. गुरुजी फोनवर होते स्पीकरला, म्हणाले, "अरे दोन दिवस येऊन उपयोग नाही. तुझं घर डोंबिवलीला, तू तिथेच धरला जाणार. इथे मोजायचं असेल तर मोजणीचे सगळे दिवस घर सोडून इथे रहा." सगळे दिवस रजा कोण देणार, तिथेच बसेस रद्द.

गुरुजींनी अजून सांगितलं की यावेळी मोबाइल ॲपवर भरणार, आणि लोकांनाही आधी स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरता येणार, मग प्रगणकाला फक्त आयडी दाखवायचा. यावर सगळे मुंबईकर खूश आणि मला लगेच धास्ती, कारण आमच्यातले निम्मे जण हौसेने गावच्या घराचं पण भरून टाकतील. म्हणून पानाच्या खालच्या कोपऱ्यात दोन ओळी वाढवल्यात: जिथे राहता तिथेच भरा, गावच्या घरात जे खरंच राहतात त्यांचीच नावं गावात द्या, आणि आजीजवळ त्या दिवसांत कुणीतरी थांबा म्हणजे तिला चुली आणि वय विचारताना त्रास होणार नाही.

सदस्यसंख्या वाढवायची असेल तर गावात राहायला जा असं मी म्हणालो, त्यावर कुणी काही बोललं नाही, पुढचा विषय जाहिरातींचा घेतला.

16 नोव्हेंबर

फाइल डीटीपीवाल्याला पाठवली. त्याने आकडे सगळे इंग्रजी पद्धतीने स्वल्पविराम टाकून मिलियनमध्ये केले होते, परत लाखात करून घेतले. गावसीमा 31 डिसेंबरला गोठवणार आहेत, त्यानंतर मोजणी होईपर्यंत गाव-तालुक्याच्या हद्दी बदलत नाहीत, त्यामुळे वरच्या वाडीचं वेगळं महसुली गाव करायचा जो अर्ज पडून आहे तो आता 2027 च्या पुस्तिकेत येणं कठीण. वरच्या वाडीवाल्यांना मी कळवलेलं नाही, ते काम सेक्रेटरी काकांचं.